पांघरूण दिले, पण ते ठेवायचे कुठे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात उघड्यावर राहणाऱ्या आणि हातातोंडाची गाठ पडण्याचीही पंचाईत असणाऱ्या माणसांना मदत करताना पडणारे प्रश्न कळवावेत, असे आवाहन मी केले होते. पत्रे पुष्कळ आली. त्यांतील बहुतेकांत ‘काय द्यावे?’ हा प्रश्न आहे. ‘दिलेले ते कुठे ठेवतील?’ असे मात्र एकाच पत्रात विचारले आहे, आणि माझ्या मते तो प्रश्न आधी यायला हवा.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाने थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांना जाड पांघरुणे वाटली. आठवड्याने त्याच वाटेने गेलो, तेव्हा तीन पांघरुणे चिखलात पडलेली दिसली. ‘या लोकांना कशाचीच किंमत नसते’ असे आता मंडळातील काही जण म्हणू लागले आहेत. आमचे काय चुकले?

आपली चिडचिड मला समजते, कारण रात्रफेरीला जाऊ लागले त्या पहिल्या हिवाळ्यात मीही नेमके हेच केले होते आणि अशीच चिडले होते. तेव्हा एका वयस्कर गृहस्थांनी वाद न घालता आपले बोचके माझ्यापुढे सोडले. एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली कागदपत्रे, एक मग, दोन सदरे, औषधांची अर्धी पट्टी, मोबाइलच्या चार्जरची वायर आणि तुटलेल्या चपलेचा जपून ठेवलेला पट्टा, एवढा तो संसार होता. ते म्हणाले, “हे सगळे मी दिवसभर खांद्यावर वागवतो. तुमचे पांघरूण आत घालायचे तर यातले काय बाहेर काढू, ते तुम्हीच सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हते.

झोपायची जागा उजाडण्याआधी रिकामी करावी लागते. दिवसभर जड पांघरूण घेऊन हिंडणे अशक्य असते, आणि कोपऱ्यात ठेवून गेले तर ते कचरा समजून उचलले जाते किंवा चोरीला जाते. त्यातच पाऊस आला, तर भिजलेले जाड कापड वाळवायला ना दोरी असते ना ऊन येईल अशी हक्काची जागा. ओल्या पांघरुणाने अंगातली ऊब उलट जास्तच ओढून घेतली जाते, म्हणून माणूस ते टाकून देतो. चिखलात पडलेली ती तीन पांघरुणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हता. वाळवायला जागा नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढच्या वेळी वजन आणि वाळण्याचा वेळ या दोन गोष्टींचा विचार आधी करावा. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ थर बरे, कारण ते वेगवेगळे वाळतात आणि त्यांची घडी लहान होते. दुसरे असे की, रात्री शरीराची बरीचशी उष्णता खालच्या जमिनीत जाते आणि अंगाखाली दबलेले मऊ कापड तिला फारसे अडवू शकत नाही. म्हणूनच अनुभवी माणसे पांघरुणाआधी पुठ्ठा शोधतात. गुंडाळी करून पाठीला बांधता येईल अशी फोमची हलकी चटई आणि पाणी आत न शिरणारी एक पिशवी मिळाली, तर रात्र खरोखरच बदलते.

आणि मोजे. माझे मत विचाराल तर वाटप करणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर नवे मोजे असावेत, तेही प्रत्येकाला दोन जोड, म्हणजे एक पायात असताना दुसरा कोरडा राहील. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांची पावले दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहून सुन्न पडत, सुजत आणि शेवटी सडत. त्या विकाराला ‘ट्रेंच फूट’ हे नाव तेव्हाच पडले. त्यासाठी बर्फ पडावे लागत नाही, पंधरा अंशांच्या आसपासच्या हवेतही पाय सतत ओले राहिले तर तो होतो, आणि रस्त्यावर राहणाऱ्यांत तो आजही आढळतो. सैन्याने त्यावर शोधलेला उपाय साधा होता : पाय पुसायचे, कोरडे मोजे घालायचे आणि जोडीदाराने जोडीदाराची पावले रोज पाहायची. आतले कपडे द्यायचे असतील तर तेही नवेच द्यावेत, आणि बूट देण्याआधी माप विचारावे. माप विचारायला गेलात की दोन शब्द बोलणे होते, आणि पुढच्या खेपेला काय आणायचे ते तिथेच कळते.

प्रश्न : वस्तू द्याव्यात की पैसे? पैसे दिले तर ते व्यसनात जातील, अशी भीती वाटते.

ही भीती सार्वत्रिक आहे, म्हणून तिची तपासणीही झालेली आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात 2018 साली सुरू झालेल्या एका प्रयोगात 115 बेघर व्यक्तींपैकी 50 जणांना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर एकरकमी आणि विनाअट देण्यात आले, आणि उरलेल्या 65 जणांशी त्यांची वर्षभर तुलना करण्यात आली. पैसे मिळालेल्यांचे बेघर अवस्थेतील दिवस वर्षात सरासरीने 99 नी कमी झाले, आणि दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांवरील त्यांचा खर्च वाढला नाही. मात्र या प्रयोगात तीव्र व्यसन किंवा गंभीर मनोविकार असलेल्यांना घेतलेले नव्हते आणि सहभागी लोक दोन वर्षांहून कमी काळ बेघर होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जागतिक बँकेतील दोन अर्थतज्ज्ञांनी 2014 साली गरीब कुटुंबांना रोख रक्कम देण्याच्या निरनिराळ्या देशांतील योजनांविषयी झालेले 19 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतही दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे सर्वसाधारणपणे दिसले नाही.

आता माझे मत. ज्याला उद्या सकाळी कामाच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी बसभाडे हवे आहे, त्याला साबणाची पाचवी वडी देण्यात अर्थ नाही. गरज दर दिवशी बदलते : आज औषध, उद्या चष्म्याची काडी, परवा दाखल्यासाठी लागणारा फोटो. या सगळ्याला पुरी पडणारी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे पैसा. पैसे देणे ज्यांना पटत नाही त्यांनी निदान ‘तुम्हाला काय लागते आहे?’ असे विचारून तेच आणावे. परंतु प्रत्येक मदतीचा हिशेब मागणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो : आपल्या पगारातले किती पैसे आपण शहाणपणाने खर्च करतो, हे कधी कुणी आपल्याला विचारले आहे का?

प्रश्न : थंडीच्या रात्री रस्त्याकडेला पडलेली व्यक्ती झोपली आहे, दारू प्यायली आहे की आजारी आहे, हे कसे ओळखावे? हात लावावा का?

आधी हात लावू नये. हातभर अंतरावर, पायांच्या बाजूला उभे राहून मोठ्याने आणि नीट शब्दांत हाक मारावी. उघड्यावर झोपणाऱ्याला अनोळखी स्पर्श म्हणजे बहुधा मारहाण किंवा चोरी वाटते. उत्तर आले, बोलणे सुसंगत असले, तर काय हवे ते विचारून पुढे जावे.

उत्तर अडखळत आले तर मात्र ‘प्यायला असेल’ म्हणून निघून जाऊ नये. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की जीभ जड होते, तोल जातो, माणूस भलतेच बोलू लागतो. पाहणाऱ्याला तो नशेत वाटतो. थंडीने कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, तर ते बरे वाटल्याचे लक्षण नसून शरीर हरत चालल्याचे असते. अशा वेळी आपत्कालीन वैद्यकीय सेवेला बोलवावे, वाऱ्यापासून आडोसा करावा, ओले कपडे काढून डोक्यासकट कोरडे गुंडाळावे आणि अंगाखाली पुठ्ठा किंवा कपडे सरकवावेत. हातपाय चोळू नयेत आणि हलवाहलव कमीत कमी करावी, कारण थंडीने गारठलेल्या हृदयाचे ठोके धक्क्यानेही बिघडतात. दारू तर चुकूनही देऊ नये; तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट, गोड पेय द्यावे.

उन्हाळ्यात हाच प्रश्न उलट होतो. अंग तापलेले आणि मन भ्रमिष्ट असेल तर शरीराचे तापमान 40 अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर गेलेले असू शकते. तेव्हा रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी रस्त्यावर राहणाऱ्या स्त्रियांसाठी सॅनिटरी पॅडची पाकिटे तयार करतो. त्यात आणखी काय घालावे?

पाकीट चांगले आहेच. त्यात आतले नवे कपडे, साबण, एक छोटा टॉवेल, वापरलेले पॅड गुंडाळायला अपारदर्शक पिशव्या, शिटी आणि लहान बॅटरी घालावी, आणि ती पिशवी बाहेरून पाहणाऱ्याला साधीच दिसावी.

पण पॅड बदलायचे कुठे? हा प्रश्न मला एका मुलीने इतक्या सहजपणे विचारला होता की पाकिटे वाटत फिरणाऱ्या मला ओशाळायला झाले. रात्री स्वच्छतागृहाला कुलूप असते, दिवसा पैसे पडतात, आणि दार आतून लागत नसेल तर ते असून नसल्यासारखे. अनेक जणी त्यावर एकच तोड काढतात, ती म्हणजे संध्याकाळनंतर पाणीच न पिणे. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि त्यासाठी पुन्हा औषध लागते.

आपत्तीत विस्थापित झालेल्यांच्या छावण्यांसाठी ‘स्फिअर’ या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. हा प्रकल्प 1997 साली सुरू झाला. त्यांत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, सामायिक वापरात 20 माणसांमागे किमान एक शौचालय, आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालये असे प्रमाण सांगितले आहे. दाराला आतून कडी आणि जवळ उजेड असावा, हेही त्यात येते. भूकंपानंतर उभारलेल्या तंबूंसाठी जे किमान मानले जाते, तेवढेही शहरात कायम उघड्यावर राहणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुधा येत नाही. तुमच्या गटातील दोघींनी पाकिटांच्या कामातून थोडा वेळ काढून आपल्या भागातील एक तरी स्वच्छतागृह रात्री उघडे राहावे, यासाठी संबंधितांच्या मागे लागावे, असे मी सुचवीन. ते काम कंटाळवाणे असते, त्याला वर्षही लागू शकते. पण एक उघडी कडी शंभर पाकिटांचे काम करते.

प्रश्न : माझ्या दुकानामागे एक लहानशी खोली रिकामी आहे. तेथे कुणाला राहायला देणे शक्य नाही. पण दिलेल्या वस्तू ही माणसे कुठे ठेवतील, हा प्रश्न मला पडतो. तिचा काही उपयोग होईल का?

‘ते कुठे ठेवतील?’ असे विचारणारे एकमेव पत्र आपलेच, आणि उत्तरही आपल्याच हातात आहे. त्या खोलीत कुलपाचे खण करा.

सामान सांभाळत बसावे लागते म्हणून माणसे कामाच्या मुलाखतीला जात नाहीत, दवाखान्याच्या रांगेत उभी राहत नाहीत, कारण बोचके घेऊन गेले तर दारातच अडवले जाते आणि टाकून गेले तर परत मिळत नाही. पोर्तुगालमधील लिस्बन शहरात रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी सार्वजनिक जागी कुलूपबंद कपाटे बसवून त्यांच्या किल्ल्या त्यांनाच देण्याचा उपक्रम झाला. ज्याला दार नाही त्याच्या खिशात किल्ली येते, याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

खण करताना ते कपड्यांच्या बॅगेइतके तरी खोल असावेत. एक खण बंद पाकिटांतील कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. ओळखपत्र हरवले की ओळखपत्र मिळवण्यासाठीच ओळखपत्र लागते आणि माणूस महिनोन्‌महिने त्या चक्रात फिरतो. मूळ कागद आपल्याकडे, छायाप्रत त्यांच्याकडे आणि फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये, अशी तिहेरी सोय ठेवावी. मूळ कागद मागताक्षणी परत मिळाला पाहिजे, त्यासाठी कारण विचारायचे नाही. मोबाइल चार्ज करायला दोन-तीन जागा हव्यात, कारण कामाचा निरोप, दवाखान्याची वेळ, घरच्यांचा फोन सगळे त्यावरच येते. आपली हरकत नसेल, तर पत्रव्यवहारासाठी दुकानाचा पत्ता वापरू द्यावा. पत्ता नाही म्हणून अडलेली कामे ऐकाल तर चकित व्हाल. त्याआधी आपल्याकडील नियम एकदा विचारून घ्यावेत.

औषधांचा प्रश्नही येईल. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, म्हणून लहान फ्रिज असेल तर मधुमेही माणसाचा फार मोठा घोर मिटतो. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, मात्र ते उन्हात राहता कामा नये, आणि ज्याला खोलीच नाही त्याच्याकडे खोलीचे तापमान कुठून येणार?

उघडण्याची वेळ पहाटेची ठेवा. सकाळी दहाला उघडणारी सोय कामावर जाणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

प्रश्न : व्यसन सोडल्याशिवाय, काम धरल्याशिवाय घर देणे म्हणजे आळसाला उत्तेजन नव्हे का? आधी माणूस सुधारावा, मग घर, हेच योग्य नाही का?

अनेक देशांत अनेक वर्षे असेच चालत होते. आधी रात्रनिवारा, मग नियम पाळल्यास वसतिगृह, मग व्यसनमुक्तीचा दाखला आणि शेवटी घर, अशी ती पायऱ्यांची रचना होती, आणि बरीच माणसे मधल्याच पायरीवरून पुन:पुन्हा खाली येत. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढून क्रम उलटा केला : गंभीर मनोविकार असलेल्या बेघर व्यक्तींना आधी स्वतंत्र घर दिले, भाड्यापोटी त्यांच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा घेतला, आणि उपचार व सल्ला देणारी माणसे त्यांच्या दाराशी पाठवली, उपचार घेण्याची सक्ती मात्र केली नाही. ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत सुमारे 2,000 व्यक्तींवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीत माणसे घरात कितीतरी अधिक काळ टिकली.

फिनलंडने 2008 मध्ये हेच राष्ट्रीय धोरण केले आणि जुने निवारे पाडून किंवा बदलून त्यांचे स्वतंत्र भाडेकरारांच्या घरांत रूपांतर केले. हेलसिंकीत 1985 साली रात्रनिवाऱ्यांतील व वसतिगृहांतील खाटा 2,000 हून अधिक होत्या, त्या 2016 पर्यंत 50 च्या आसपास आल्या.

घर मिळाले की व्यसन सुटतेच, असे मात्र या पद्धतीने सिद्ध झालेले नाही. त्या बाबतीतले निष्कर्ष संमिश्र आहेत आणि समर्थकांनी ते लपवू नयेत. पण आपल्या प्रश्नातील क्रम मला व्यवहार्य वाटत नाही तो वेगळ्या कारणाने : रोज रात्री जागा बदलणाऱ्याने औषध वेळेवर घ्यावे, आठ तास झोपून कामावर हजर राहावे, समुपदेशकाची वेळ पाळावी, या सगळ्या अपेक्षांना आधी एक दार लागते. आपण स्वत: तीन रात्री नीट झोपलो नाही, तर चौथ्या दिवशी कसे वागतो, ते घरच्यांना विचारून पाहावे.

प्रश्न : वाटप करताना छायाचित्रे काढली तर देणगीदारांना विश्वास वाटतो. यात गैर काय?

देणगीदाराला पावती आणि हिशेब द्यावा. हात पसरलेल्या माणसाचा चेहरा हा हिशेबाचा कागद नव्हे; तो फोटो उद्या त्याच्या मुलांनी, गावाकडच्या नातेवाइकांनी किंवा त्याला काम देणाऱ्याने पाहिला, तर त्याचे उत्तर तुम्ही देणार आहात का? सामानाचा फोटो काढा, हवे तर रिकाम्या झालेल्या खोक्यांचा काढा.

प्रश्न : आमच्या भागातील एक गृहस्थ कडाक्याच्या थंडीतही निवाऱ्यात जायला तयार नाहीत, कारण त्यांच्याबरोबर एक कुत्री आहे आणि निवाऱ्यात प्राण्यांना मनाई आहे. त्यांना कसे समजवावे?

त्यांना समजवू नका, निवारा चालवणाऱ्यांना समजवा. ती कुत्री त्यांच्या रात्रीचा पहारा आहे, पाठीला लागलेली ऊब आहे, आणि बहुधा दिवसातून नावाने हाक मारावी असा एकमेव जीव आहे. तिला सोडून या, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? निवाऱ्याची अडचणही खरी असते. पिसवा, चावण्याची भीती, रात्रीचे भुंकणे या तक्रारी काल्पनिक नाहीत. म्हणून मागणी लहान ठेवावी. कुत्रीला लस टोचून तिचा दाखला आपण आणून द्यायचा, पिसवांचे औषध आपण घालायचे, आणि मुख्य दाराच्या आत, मालकाला त्याच्या खाटेवरून दिसेल अशा भिंतीला साखळी अडकवायची एक कडी ठोकून मागायची. एका निवाऱ्यात मी हे घडलेले पाहिले आहे. पहिल्या रात्री ते गृहस्थ खाटेवर न झोपता कडीजवळच पथारी टाकून झोपले, आणि व्यवस्थापकाने त्यांना उठवले नाही.